टर्मिनलमध्ये केलेले बदल लागत नाहीत? दोष असा शोधा

बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ~/.बॅशआरसी या सेटिंग फाइलमध्ये (~ म्हणजे तुमचं घरचं फोल्डर) एक ओळ वाढवली, सेव्ह केली, नवी विंडो उघडली आणि बदलाचा पत्ताच नाही. किंवा प्रेफरन्सेसमध्ये फाँट मोठा केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनाच दिसतोय. अशा वेळी बरेच जण तीच ओळ हाती लागेल त्या आणखी दोन-तीन फाइलींत चिकटवतात. कधी कधी त्याने काम होऊनही जातं, पण पुढच्या वेळी कोणती ओळ कुठून लागू होतेय हे खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कारणं तीनच प्रकारची असतात. फाइल वाचलीच जात नाही, वाचली जाते पण मागाहून दुसरं कुणी त्यावर बोळा फिरवतं, किंवा वाचता वाचता ती मध्येच अडते. यातलं कोणतं हे कळेपर्यंत काहीही बदलू नका.

उदाहरणं उबंटू हे लिनक्स, त्याच्या ग्नोम डेस्कटॉपचं ग्नोम टर्मिनल आणि बॅश यांची घेतली आहेत, इतरांबद्दल गरजेपुरतं त्या त्या जागी आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे लहान अक्षरांत. पाथ, पीएस१, हिस्टसाइझ अशी व्हेरिएबलची (शेल ज्या नावाखाली एखादी किंमत लक्षात ठेवतं त्याची) नावं मात्र मोठ्या अक्षरांत.

हाताशी काय हवं

- एक जादा टर्मिनल विंडो. काम संपेपर्यंत ती बंद करू नका. .बॅशआरसी बिघडली तर नवी विंडो उघडताक्षणी मिटू शकते, पण आधीपासून चालू असलेल्या विंडोला काही होत नाही.
- फाइलची प्रत: सीपी ~/.बॅशआरसी ~/.बॅशआरसी.जुनी
- नॅनो किंवा कोणताही साधा टेक्स्ट एडिटर. लिबरऑफिस रायटरमध्ये या फाइली उघडू नका, तो सरळ अवतरणचिन्हं आपल्या मनाने वळवून ठेवतो.
- सगळंच फसलं तर उबंटूची मूळ कोरी फाइल /ईटीसी/स्केल/.बॅशआरसी इथे असते. तिची प्रत घरच्या फोल्डरमध्ये आणली की पहिल्या दिवसाची स्थिती परत येते.

१. सेटिंग नक्की कुणाची आहे?

पडद्यावर दिसते ती एकच काळी खिडकी, पण आत तीन वेगळे प्रोग्रॅम असतात. खिडकी काढणारा टर्मिनल प्रोग्रॅम, त्याच्या आत चालणारं, तुमच्या कमांड वाचून त्या चालवणारं शेल (इथे बॅश) आणि शेलमधून सुरू केलेला विम (एडिटर), टीमक्स (एका खिडकीत अनेक शेल चालवणारा) वगैरे. प्रत्येकाच्या सेटिंगची जागा वेगळी असते.

फाँट, रंगांची पट्टी, कर्सरचा आकार, किती ओळी मागे सरकता येतं हे सगळं खिडकीच्या हातात. एलियास (कमांडला आपण दिलेली छोटी नावं), प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेआधीचा मजकूर), पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी), हिस्टरी (आधी दिलेल्या कमांड) हे शेलच्या. त्यामुळे फाँट बदलायला .बॅशआरसी उघडणं किंवा एलियाससाठी प्रेफरन्सेस धुंडाळणं म्हणजे चुकीचं दार ठोठावणं.

रंगांच्या बाबतीत मात्र दोघांचं साटंलोटं असतं. फाइलींची यादी देणारी एलएस कमांड फोल्डरचं नाव निळं दाखवते तेव्हा ती फक्त ‘४ नंबरचा रंग’ एवढंच सांगते. तो निळा किती गडद, हे खिडकीची रंगपट्टी ठरवते. पण विममध्ये २४ बिटी रंग चालू केले असतील तर विम थेट रंगाची किंमत पाठवतो आणि तुमच्या पट्टीला कुणी विचारत नाही. बाहेर सगळे रंग बदलले आणि विममध्येच जुने राहिले, तर दोष टर्मिनलमध्ये शोधू नका.

२. उघडलेलं टर्मिनल कोणतं?

हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण अपग्रेडनंतरच्या कितीतरी तक्रारींचं उत्तर इथेच मिळतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये ४१व्या आवृत्तीपासून आणि उबंटू २५.१० पासून मुख्य टर्मिनल म्हणून टिक्सिस येतं, आणि ग्नोमच्या स्वतःच्या संचात ग्नोम ४२ पासून कन्सोल नावाचं वेगळं टर्मिनल आहे. दिसायला सगळी सारखीच. पण ग्नोम टर्मिनलमध्ये जमवलेली प्रोफाइल (सेटिंगचा संच) टिक्सिसमध्ये आपोआप येत नाही. सेटिंग गेलेली नसते, तुम्ही दुसऱ्याच घरात आलेले असता.

पीएस -पी $पीपीआयडी

‘पीपीआयडी’ मोठ्या अक्षरांत. शेलला जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव यातून कळतं. ग्नोम टर्मिनल असेल तर नाव शेवटी अर्धवट तुटून डॅशवर संपलेलं दिसेल, कारण इथे नावाची पहिली १५ अक्षरंच दाखवली जातात. डॉकवरचं चिन्ह आणि कंट्रोल-ऑल्ट-टी ही किल्ली दोन वेगळी टर्मिनलं उघडत असण्याची शक्यता असते, म्हणून ही कमांड दोन्हीकडे चालवून बघा.

३. शेल कोणतं, आणि लॉगिन शेल की साधं?

एको $०

उत्तर ‘बॅश’ आलं तर साधं शेल. आधी डॅश लागून ‘-बॅश’ आलं तर लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होतं तसं. ‘झेडएसएच’ हे दुसरं शेल आलं तर .बॅशआरसीत काहीही लिहून उपयोग नाही, तिथे .झेडएसएचआरसी हवी. शेल ओळखण्यासाठी $शेल बघू नका. ते तुमच्या खात्यावर नोंदवलेलं शेल सांगतं, समोर चालू असलेलं नव्हे. सीएचएसएच कमांडने शेल बदललं असेल तर पूर्ण लॉगआउट होऊन परत येईपर्यंत जुनंच चालू राहतं.

सगळ्या गोंधळाचं मूळ असलेला नियम असा. बॅश लॉगिन शेल म्हणून सुरू झालं तर /ईटीसी/प्रोफाइल वाचतं आणि मग .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधत जातं. यातली पहिली सापडेल तेवढीच वाचतं, उरलेल्यांकडे ढुंकूनही बघत नाही. साधं संवादी शेल (ज्याला तुम्ही समोर बसून कमांड देता ते) असेल तर यातलं काहीच नाही, तुमच्या फाइलींपैकी फक्त .बॅशआरसी. स्क्रिप्ट (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड) चालवताना तर तीही नाही, म्हणून .बॅशआरसीतला एलियास स्क्रिप्टमध्ये चालत नाही.

लिनक्सवरची टर्मिनल खिडकी सहसा साधं शेल उघडते. मॅकवरचं टर्मिनल मात्र लॉगिन शेल उघडतं. त्यामुळे मॅकसाठी लिहिलेला ‘ही ओळ .बॅश_प्रोफाइलमध्ये टाका’ हा सल्ला उबंटूवर जसाच्या तसा वापरला की काहीच घडत नाही. इथवर नुसतं अपयश असतं, पुढे नुकसान होतं. तुम्ही तयार केलेली .बॅश_प्रोफाइल आता अस्तित्वात आहे, त्यामुळे खिडक्यांविना मजकुरी पडद्यावर किंवा दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने लॉगिन केल्यावर तुमची आधीची .प्रोफाइल वाचणं बंद होतं. काही डेव्हलपर टूल्सचे इन्स्टॉलरही ही फाइल परस्पर तयार करतात. आधी एलएस -ए ~ करून ती आहे का ते बघा. असेल आणि ठेवायचीच असेल, तर तिच्यात पहिली ओळ अशी घाला:

. ~/.प्रोफाइल

सुरुवातीचा टिंब, मग जागा, मग फाइलचा पत्ता. उबंटूची मूळ .प्रोफाइल पुढे स्वतःच .बॅशआरसी वाचते, त्यामुळे साखळी पूर्ण होते.

ग्नोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये कमांड या टॅबखाली ‘रन कमांड ॲज अ लॉगिन शेल’ अशी चौकट आहे. ती टिचकी मारून सगळे प्रश्न मिटवण्याचा मोह होतो. तसं करू नका. ओळ योग्य फाइलमध्ये हलवणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्या टर्मिनलांत लागू पडतं, चौकट त्या एका प्रोफाइलपुरतीच.

४. फाइल वाचली जाते का, हे तपासा

अंदाज बांधण्यापेक्षा खूण ठेवा. संशय असलेल्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत असं लिहा:

एको "बॅशआरसी वाचली" >&२

प्रत्येक फाइलमध्ये तिचं तिचं नाव. नवी विंडो उघडा आणि काय छापून येतं ते बघा. शेवटचं >&२ गाळू नका. एसएसएचने दुसऱ्या संगणकावरून इथे फाइल पाठवताना इथलं बॅशही .बॅशआरसी वाचतं, आणि साध्या मार्गाने छापलेली एक ओळसुद्धा एससीपी आणि आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या कमांडना गोंधळात पाडायला पुरते.

खूण दिसली पण परिणाम नाही, तर पुढची पायरी. खूणच दिसली नाही, तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. शिवाय प्रोफाइलच्या कमांड टॅबमध्ये ‘शेलऐवजी अमुक कमांड चालवा’ ही चौकट चुकून टिचकलेली नाही ना, तेही बघा.

खुणेने भागत नसेल तर बॅशलाच प्रत्येक पाऊल सांगायला लावता येतं:

बॅश -एक्सआय -सी एक्झिट २> ~/माग.टीएक्सटी

या फाइलमध्ये भरपूर ओळी येतील, विशेषतः टॅब दाबल्यावर नावं पूर्ण करणाऱ्या सोयीच्या. वाचत बसू नका, एडिटरमध्ये तुमच्या व्हेरिएबलचं नाव शोधा. त्याला किंमत देणाऱ्या ओळींपैकी शेवटची ती खरी.

५. मागाहून कोण पुसतं?

सर्वांत ठसठशीत उदाहरण हिस्टरीचं. उबंटूच्या मूळ .बॅशआरसीत हिस्टसाइझ (आधीच्या किती कमांड लक्षात ठेवायच्या) १००० आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलमध्ये किती साठवायच्या) २००० असं आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही .प्रोफाइलमध्ये किंवा .बॅशआरसीच्या पहिल्याच ओळीत ५०००० लिहिलं, तरी खाली ती मूळ ओळ येते आणि आकडा परत १००० वर आणते. तुमच्या ओळी फाइलच्या अगदी शेवटी टाका, किंवा ती मूळ ओळच बदला. दोन्ही ठेवू नका.

प्रॉम्प्टचंही तसंच. पीएस१, म्हणजे प्रॉम्प्टचा मजकूर, तुम्ही ठरवता, पण प्रॉम्प्ट_कमांड या व्हेरिएबलमध्ये काही असेल तर ते प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी चालतं आणि पीएस१ नव्याने लिहू शकतं. स्टारशिपसारखी प्रॉम्प्टची साधनं हेच करतात. खिडकीचं शीर्षक बदललं आणि एंटर दाबताच जुनं परत आलं, तर दोषी बहुधा पीएस१ असतं: उबंटूच्या मूळ .बॅशआरसीत प्रॉम्प्टच्या आतच शीर्षक लिहिणारा तुकडा आहे.

एलियास नक्की कोणता लागू आहे हे टाइप -ए आणि पुढे त्याचं नाव लिहून कळतं. आपले एलियास ~/.बॅश_एलियासेस या वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं सोयीचं. उबंटूची .बॅशआरसी ती फाइल स्वतःचे एलियास लिहून झाल्यावर वाचते, म्हणून तुमचे वरचढ ठरतात.

६. वाचता वाचता अडली असेल तर

बॅश -एन ~/.बॅशआरसी

ही कमांड फाइल न चालवता तिची रचना तपासते. काही छापलं नाही तर रचना ठीक. पण = च्या दोन्ही बाजूंना सोडलेली जागा तिला चूक वाटत नाही. ‘एडिटर = नॅनो’ असं लिहिलं की बॅश ‘एडिटर’ नावाची कमांड शोधायला जातं. जागा काढा.

फाइल विंडोजवरून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटलेलं असतं आणि ‘कमांड नॉट फाउंड’ची रांग लागते. कॅट -ए ~/.बॅशआरसी चालवा, ‘ए’ मोठा. ओळीच्या शेवटी फक्त $ दिसायला हवं, त्याआधी ^एम दिसलं तर डॉस२युनिक्स हे पॅकेज टाकून फाइल त्यातून काढा. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्ड फाइलमधून उचललेल्या ओळींत वळणदार अवतरणचिन्हं येतात, तीही याच कमांडमध्ये ‘एम-’ने सुरू होणाऱ्या विचित्र चिन्हांच्या रूपात उघडी पडतात.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. लेआउट परत इंग्रजीवर आणायचं राहिलं तर १००० हा आकडा देवनागरीत टाइप होतो. डोळ्यांना तो बरोबर दिसतो, बॅशला तो आकडाच वाटत नाही. जोडाक्षर तोडण्यासाठी वापरलं जाणारं शून्य रुंदीचं अक्षर तर पडद्यावर दिसतही नाही. टिपणं मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, पण # च्या उजवीकडेच.

आणि .बॅशआरसीच्या सुरुवातीलाच, शेल संवादी नसेल तर परत फिरायला सांगणाऱ्या काही ओळी असतात. स्क्रिप्टने किंवा क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ही फाइल मुद्दाम वाचली, तरी तुमची ओळ त्यांच्या खाली असेल तर वाचन तिथवर पोहोचतच नाही.

७. खिडकीच्या सेटिंग्ज टिकत नाहीत

ग्नोम टर्मिनलमध्ये सेटिंग प्रोफाइलची असते, टर्मिनलची नव्हे. दोन प्रोफाइल असतील आणि तुम्ही एकीत रंग बदलले, तर नवी विंडो डीफॉल्ट असलेल्या दुसरीत उघडते. तीन आडव्या रेघांच्या मेनूतून प्रेफरन्सेस उघडा, डावीकडच्या यादीत हवी त्या प्रोफाइलच्या बाणावर टिचकी द्या आणि ‘सेट ॲज डीफॉल्ट’ निवडा.

मग दोन चौकटी तपासा. कलर्स टॅबमध्ये ‘युज कलर्स फ्रॉम सिस्टिम थीम’ टिचकलेली असेल तर अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा तुमचा रंग बाजूला राहतो. टेक्स्ट टॅबमध्ये ‘कस्टम फाँट’ टिचकलेली नसेल तर निवडलेला फाँट वापरलाच जात नाही. तिथेच असलेला विंडोचा सुरुवातीचा आकार नव्या विंडोलाच लागतो, उघड्या असलेल्या विंडोला नाही.

बदल केला की लागतो, पण लॉगआउटनंतर नाहीसा होतो? मग साठवणीतच अडचण आहे. ग्नोमच्या सेटिंग्ज ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ या फोल्डरमधल्या बायनरी फाइलमध्ये जातात. कधी सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने, एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला असेल तर हे फोल्डर रूटच्या मालकीचं होऊन बसलेलं असू शकतं. एलएस -एलडी ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ ने मालक बघा. रूट दिसला तर:

सुडो सीएचओन -आर $युजर: ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ

‘आर’ आणि ‘युजर’ मोठ्या अक्षरांत. डिस्क पूर्ण भरली असेल तरीही हेच लक्षण दिसतं, म्हणून डीएफ -एच ~ एकदा चालवाच. डीकॉन्फची फाइल एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. आत काय आहे ते बघायचं असेल तर डीकॉन्फ डंप /ऑर्ग/ग्नोम/टर्मिनल/ पुरेसं आहे.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या कॉन्सोल या टर्मिनलमध्ये (ग्नोमचं कन्सोल वेगळं) नेहमीची अडचण म्हणजे मूळ अंगभूत प्रोफाइल बदलता येत नाही. नवी तयार करून तिला डीफॉल्ट करावं लागतं.

८. पाथ आणि इतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स

.बॅशआरसीत पाथ वाढवला तर तो टर्मिनलमध्ये दिसतो, डॉकवरून उघडलेल्या प्रोग्रॅमला दिसत नाही. सगळीकडे हवा असेल तर .प्रोफाइलमध्ये टाका आणि पूर्ण लॉगआउट करा. नुसती विंडो बंद करून भागत नाही, कारण ग्नोम टर्मिनलच्या सगळ्या विंडोंमागे एकच सर्व्हर प्रोग्रॅम असतो आणि तो जुनं एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला मिळालेला व्हेरिएबलचा संच) धरून बसलेला असतो. .प्रोफाइल कधी कधी बॅश नव्हे तर ‘डॅश’ नावाचं दुसरं, छोटं शेल वाचतं, म्हणून तिथे दुहेरी चौकटी कंसांसारखी बॅशची खास रचना वापरू नका.

उबंटूची .प्रोफाइल ~/.लोकल/बिन हे फोल्डर पाथमध्ये घालते, पण लॉगिनच्या क्षणी ते अस्तित्वात असेल तरच. पहिल्यांदाच एखादं टूल तिथे इन्स्टॉल केलं की फोल्डर तयार होतं, कमांड मात्र ‘नॉट फाउंड’. पुन्हा लॉगिन करा, बाकी काही करायचं नाही.

पाथ बरोबर असूनही जुनाच प्रोग्रॅम चालत असेल तर हॅश -आर द्या. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. सुडो मात्र स्वतःचा ठरलेला पाथ वापरतो, तुमचा नव्हे, आणि एलियासही ओळखत नाही.

/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट ही फाइल शेल स्क्रिप्ट नाही. तिथे नाव=किंमत एवढंच चालतं. ‘$पाथ’ लिहून जुन्यात भर घालता येत नाही.

९. एक्सटर्म वापरत असाल तर

एक्सटर्म या जुन्या टर्मिनल प्रोग्रॅमची सेटिंग ~/.एक्सरिसोर्सेस या फाइलमध्ये, नावातला एक्स मोठा. फाइल सेव्ह केल्याने काही होत नाही, ती भरावी लागते:

एक्सआरडीबी -मर्ज ~/.एक्सरिसोर्सेस

नंतर एक्सआरडीबी -क्वेरी ने तुमची ओळ पोहोचली का ते बघा आणि नवं एक्सटर्म उघडा. ओळीच्या सुरुवातीचं नाव एक्सटर्म असं, एक्स आणि टी दोन्ही मोठे. टिप्पणी ! ने सुरू होते, # ने नाही. किमतीनंतर चुकून राहिलेली रिकामी जागाही किमतीचाच भाग धरली जाते. आणि तुम्ही युएक्सटर्म (एक्सटर्मचाच युनिकोड अवतार) उघडत असाल तर त्याचं नाव वेगळं असल्याने एक्सटर्मसाठी लिहिलेल्या ओळी त्याला लागू होत नाहीत, त्या त्याच्या नावाने पुन्हा लिहाव्या लागतात.

१०. मराठी अक्षरांचा फाँट

ग्नोम टर्मिनलच्या यादीत समान रुंदीचे फाँटच दिसतात, त्यामुळे नोटो सान्स देवनागरी तिथे शोधून सापडणार नाही. निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर ती कुठून घ्यायची हे फाँटकॉन्फिग ही फाँट निवडणारी यंत्रणा ठरवते:

एफसी-मॅच monospace:lang=mr

वरच्या ओळीतला शेवटचा शब्द कीबोर्डवर ‘मोनोस्पेस’, विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह, ‘लँग’, बरोबरचं चिन्ह आणि मराठीचा दोन अक्षरी कोड असा बनतो. उत्तरात आलेला फाँट नको असेल तर पसंतीचा क्रम ~/.कॉन्फिग/फाँटकॉन्फिग/फाँट्स.कॉन्फ मध्ये लिहा आणि एफसी-कॅश -एफ चालवा. जोडाक्षरं तुटलेली आणि वेलांट्या बाजूला पडलेल्या दिसत असतील तर तो फाँटचा दोष नाही: टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक चौकटीत बसवतं. फाँट बदलत वेळ घालवू नका, तो मजकूर एडिटरमध्ये उघडा.

११. टीमक्सच्या आत

टीमक्स आपली ~/.टीमक्स.कॉन्फ सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचतं. विंडो मिटली तरी सर्व्हर मागे चालू असतो, म्हणून बदल लागत नाही. टीमक्स सोर्स-फाइल ~/.टीमक्स.कॉन्फ द्या. शिवाय टीमक्स आत लॉगिन शेल उघडतं, त्यामुळे बाहेर दिसणारा प्रॉम्प्ट आत नाहीसा झाला तर पुन्हा तिसऱ्या पायरीतली .बॅश_प्रोफाइल तपासा. .बॅशआरसीत टर्म हे व्हेरिएबल स्वतःहून ठरवलेलं असेल तर ती ओळ काढून टाका. ते टर्मिनल आणि टीमक्स आपापलं ठरवतात, आणि मध्ये हात घातला की रंग आणि किल्ल्या दोन्ही बिघडतात.

चौथ्या पायरीत घातलेल्या खुणेच्या ओळी आता सगळ्या फाइलींतून काढून टाका, आणि जादा उघडी ठेवलेली विंडो त्यानंतरच बंद करा.